बाटलीवरचं नाव

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हाची गोष्ट. गंज काढायला पोलाद तेजाबात, म्हणजे आम्लात, बुडवलं की गंजाबरोबर पोलादही झिजायचं. पोलादाला चिकटून बसेल आणि तेजाबाला फक्त गंज खाऊ देईल, असं औषध साठेसाहेब प्रयोगशाळेत शोधत होते. दोन महिने काही जमेना. मदतनीस केवलरामनं घरी सांगितलं, तेव्हा बायको म्हणाली, "धानाचा कोंडा टाकून पाहा नं. भांड्याले असा चिकटते, का घासता घासता हात दुखते."

तेजाबात कोंड्याचा काढा टाकला. संध्याकाळी पोलादाची पट्टी बाहेर काढून तोलली. गंज गेला होता, पोलाद शाबूत होतं.

साहेबांनी खुशीत बाटलीला लेबल चिकटवलं. "केवलराम, नाव काय लिहू?"

"मथुरा लिहा जी."

"कोंडा मथुरेहून मागवलास?"

"नाही जी," केवलराम लाजला. "मथुरा मोहाडीची. लग्न करून आणली."