सरळ अंतर

नव्याकोऱ्या बुटांना चिखल लागला म्हणून वैजनाथसर सकाळपासून करवादलेले होते. पहाटे सडा घालून झालेला, तरी आईनं ऐन शाळेच्या वेळेला अंगणात पुन्हा बादलीभर पाणी ओतून सगळी घाण करून ठेवली होती.

त्यात नववीच्या पोरांना कर्ण काढता येईना. शेवटी सरांनी गावातलंच गणित घातलं. नदीकाठच्या वस्तीपासून मारुतीच्या पारापर्यंत ऐंशी मीटर, तिथून काटकोनात वळून शाळेपर्यंत साठ. मग वस्तीपासून शाळा सरळ किती?

साऱ्या वर्गाचं उत्तर शंभर आलं. वस्तीतून रोज शाळेत येणाऱ्या संघमित्रानं तेवढं एकशे चाळीस लिहिलं.

सरांनी वही तिच्यापुढे आपटली. "शी! दोन बाजूंची नुसती बेरीज? चौथीतलं पोरगं नाही करत असं. अक्कल घरी ठेवून आली काय वं?"

"शंभर मले बी आलं होतं, सर," ती मान खाली घालून म्हणाली. "पण सरळ गेलं का मधात तुमचं आंगन लागते. आज परिपाठाची पाळी होती, म्हणून मी घाईत तथून आली. तं तुमच्या आईनं माह्या मांगं पुन्हा सडा टाकला."

वर्गात कुणालाच नवल वाटलं नाही.

सरांनी बुटांकडे पाहिलं. सकाळपासून ज्याची त्यांना किळस येत होती, तो चिखल आता वाळून घट्ट बसला होता.