इनव्हॅल्युएबल

देगलूरजवळच्या शाळेत खिचडी आता बाहेरून येणार होती, म्हणून वर्षानुवर्षं ती शिजवणाऱ्या सरजाबाईचा निरोपसमारंभ होता. मोठ्या बाई भाषणात म्हणाल्या, “सरजाबाई इनव्हॅल्युएबल आहेत.” टाळ्या पडल्या. सरजाबाईची लेक बुद्धप्रिया मात्र गोंधळली. लातूरच्या क्लासमध्ये ती लांब इंग्रजी शब्द फोडायला शिकली होती. इनकम्प्लीट म्हणजे अपूर्ण, इनव्हिजिबल म्हणजे अदृश्य. व्हॅल्यू म्हणजे किंमत. मग आई बिनकिमतीची? सगळ्यांदेखत असं कुणी म्हणतं? तिनं दारातच बाईंना गाठलं. “मॅडम, माझ्या आईला किंमत न्हाई का?” बाई चपापल्या, मग हसल्या. “अगं, जिची किंमतच करता येत नाही अशी. अनमोल.” बुद्धप्रियाचा जीव भांड्यात पडला. वाटेत तिनं आईला त्या शब्दाचा अर्थ सांगितला. सरजाबाई चालता चालता थांबली. “अनमोल हाय तर मंग मला काढलं कामून?”