आजारी माणसासाठी वीज

गौरींच्या सजावटीला वीज पुरेना, म्हणून दिनकररावांनी जोडघराकडे जादा मागितली; आणि कारण विचारल्यावर बिनदिक्कत "घरी आजारी माणूस" असं ठोकून दिलं. साताऱ्यात दिवेलागण होते तेव्हा बोलिव्हियातल्या इनेसबाईंच्या, म्हणजे त्यांच्या जोडघराच्या, छपरावर ऊन असतं. दूरदूरची घरं अशी जोडून देणाऱ्या जागतिक करारानुसार त्या उन्हाची वीज आता दिनकरराव शेवाळकरांकडे यायची आणि इथल्या सकाळच्या उन्हाची तिकडे जायची.

सजावट-स्पर्धेचे परीक्षक जिना चढत होते, तेवढ्यात भिंतीवरच्या पडद्यावर इनेसबाईच अवतरल्या. यंत्र त्यांचं बोलणं मराठीत सांगू लागलं.

"ताई, पेशंट कसा आहे? आम्ही शिलाईची मशिनं बंद ठेवलीत. काळजी करू नका."

मंदाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. दिनकरराव तत्परतेने खोकले.

"मी खरं सांगून टाकते," त्या कुजबुजल्या.

"परीक्षक जाऊ देत, मग सांग."

मंदाताई तरीही पडद्यापुढे गेल्या. तोवर इनेसबाईंना मागे गौरी आणि शेकडो दिवे दिसले होते. त्यांनी छातीवर क्रुसाची खूण केली.

"एवढे दिवे लावलेत, म्हणजे अगदी शेवटचंच का हो? थांबा, आईच्या खोलीतला हीटरही बंद करते."

मंदाताईंच्या तोंडून शब्द फुटायच्या आत मागची आरास लख्ख उजळली, आणि परीक्षकांनी बेल वाजवली.