गुरुवारचा लेख

आईला पोचवून आल्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी आईच्या ब्लॉगवर नवा लेख आला.

लेक तेव्हा फॅक्टरीत होती. कॉलर जोडणाऱ्या बायकांमागे उभी राहून काम तपासत होती. फोन थरथरला म्हणून तिनं पाहिलं, आणि हातातला कॉलरांचा गठ्ठा दुसरीच्याच टेबलावर ठेवून दिला.

‘आज गुडघे जरा बरे आहेत,’ अशी सुरुवात होती. खाली वाचकांचे अभिप्रायही येऊ लागले होते. ‘मावशी, जपा हो.’ ‘ताई, गुडघे बरे तर मशीनचा पायडल पळणार!’ त्यांना कुणी काही कळवलंच नव्हतं.

हे कसं झालं असेल ते लेकीला लगेच उमगलं. आई शिलाईच्या दुकानात मशीनवर बसून बोलायची. शेजारी काज-बटणं करणारे बाबा हातातलं काम ठेवून ते टाईप करायचे. दोन-तीन लेख आधीच तयार करून, तारीख घालून ठेवलेले असत. गुरुवार उजाडला की लेख आपोआप जायचा. म्हणजे हे आईचं शेवटचं बोलणं. ती गोदामात गेली, कापडाच्या ताग्यावर बसली आणि एकेक ओळ पुरवून पुरवून वाचू लागली.

सुरुवातीला या ब्लॉगकडे काळं कुत्रंही फिरकत नव्हतं. “दुकानाची पाटी तरी येणारे-जाणारे वाचतात,” आई म्हणायची. मग तिनं एका नवरदेवाच्या कोटावर लिहिलं. लग्न ठरल्याच्या आनंदात तो दर आठवड्याला जाड होत होता आणि आई दर आठवड्याला कोट उसवत होती. तो लेख हातोहात फिरला. लोक मापं द्यायला कमी आणि आईला बघायला जास्त येऊ लागले. आणि सगळं भरात असताना लेकीनं दुकान सोडलं, कपड्यांच्या फॅक्टरीत नोकरी धरली.

“रेडिमेड?” आई म्हणाली होती. “माझ्या पोटची पोर, आणि रेडिमेड?” त्यानंतर ती लेकीशी बोललीच नाही.

पुढे ब्लॉगही मुका झाला. ‘ताई, कात्री गंजली की काय?’ असे टोमणे येऊन वाचक पांगले. बऱ्याच काळानं लेख पुन्हा सुरू झाले, ‘मध्यंतरी डोळ्यांनी दगा दिला’ एवढ्याच खुलाशावर. त्यातच तो लेख होता. ‘लेक दुकान सोडून गेली, मला सोडून नाही. माप चुकलं ते माझं. मी तिला माझ्या मापाचं आयुष्य शिवत बसले.’ तो वाचून लेक बसमध्ये चारचौघांत रडली होती. त्याच संध्याकाळी तिनं घरी फोन केला. “बरी आहेस ना? बाबांना देते,” आई म्हणाली. पुढेही दर वेळी एवढंच. लेकीनं कधी मनाला लावून घेतलं नाही. काही माणसांना तोंडावर बोलता येत नाही. आई गुरुवारी बोलत होती, तेवढं पुरेसं होतं. दवाखान्यात आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं, तेही तिनं दुखण्याच्या खात्यात टाकलं.

ती शेवटच्या परिच्छेदापाशी आली. ‘लेकीनं नवी खोली घेतली आहे. खाली बेकरी आहे. म्हणते, पहाटे पावाच्या वासानंच जाग येते, गजर लावावा लागत नाही.’

लेक हसली. मग ते हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं. खोली तिनं घेतली तेव्हा आईची शुद्ध हरपलेली होती. पावाच्या वासाचं तिनं एकाच माणसाला सांगितलं होतं, अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर.

दुकानाचं शटर अर्धं वर होतं. आत बाबा गिऱ्हाइकांच्या राहिलेल्या शर्टांना बटणं लावत होते.

“आजचा लेख कुणी लिहिला, बाबा?”

“गेला का तो?” बाबांचा हात थांबला. “थांबवायचा राहिलाच बघ. मेला, आपोआप जातो.”

“बेकरीचं मी तुम्हाला सांगितलं होतं. आईला नाही.”

बाबांनी दोरा दातानं तोडला. “ती असती तर म्हणाली असती, यांना काज धड करता येत नाही, माझी नक्कल काय करणार.”

“किती लेख?”

“बंद पडल्यानंतरचे सगळे.”

“तो मापाचा?”

बाबांनी मान डोलावली. लेक आईच्या स्टुलावर बसली होती, ती उठून उभी राहिली.

“त्या एका लेखावर मी जगले, बाबा. तिच्या तोंडून तुम्हीच मला माफ करून टाकलंत. आणि तिनं चालवून घेतलं?”

“वाचून दाखवला मी तिला. म्हणाली, तुमच्या नावानं लिहा. म्हटलं, माझ्या नावाला कोण विचारतंय. तिनं मशीन सुरू केलं. पुढचं मला ऐकू आलं नाही.”

“आणि डोळ्यांचं काय? ती तर नुसती बोलायची. बोलायला डोळे कशाला लागतात?”

“डोळे ठणठणीत होते तिचे.” बाबांनी शर्टाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. “नको विचारूस, बाळ.”

“सांगा.”

“तू गेल्यावरही ती लेख सांगत होती. अस्तरांवर, कोटांवर, कशा-कशावर. तुझा लाईकचा अंगठा प्रत्येक लेखाखाली दिसायचा मला. एकदा राहवलं नाही. म्हटलं, पोरगी अजून वाचते गं तुझं, एकही गुरुवार चुकवत नाही. वाटलं, खूश होईल.” बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. “त्या दिवसापासून तिनं एक अक्षर सांगितलं नाही.”