बाप निघून जातो त्या पानावर

नॉर्वेतल्या बर्गनच्या शाळेत टोरिलबाई कादंबरी शिकवत होत्या. तिच्यातला बाप एके दिवशी घर सोडून समुद्रावर निघून जातो.

“गोष्ट नको, आशयसूत्र सांगा. त्यावरच निबंध लिहायचाय,” बाई म्हणाल्या.

बहुतेकांनी ‘एकटेपणा’ सांगितलं. रागना म्हणाली, “खोटेपणा. बाप गेलेलाच नाही.”

“कशावरून?”

“त्याच सकाळी आई तळघर घासून धुते. आणि त्याचे बूट दारातच असतात.”

बाई खूश झाल्या. “वीस वर्षं शिकवतेय, हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तुला कसं सुचलं गं?”

रागना पुस्तकातच बघत राहिली. “आमचे बाबा स्पेनला गेले, तेव्हा आईनंही तळघर धुतलं होतं. त्यांचे बूट मी लपवून ठेवलेत.”

तिनं वही उघडली.

“बाई, बाकीचं निबंधात लिहिलं तर ते फक्त तुम्हीच वाचाल ना?”