साक्षीचा मणी

“हात लावू नकोस,” थोरली म्हणाली. “आणि त्याच्यावर श्वाससुद्धा जपून सोड.”

धाकट्याने टेबलावर वाकवलेली मान झटकन मागे घेतली. “ताई, मला तर इथे काहीच दिसत नाही. उगाच हवेला धाक घालतेस की काय?”

ती हसली. काचेचा मणी सहजासहजी दिसण्याजोगा नव्हताच. केसाहून बारीक अशा काचतंतूच्या टोकाला तो वितळवून घडवलेला होता, आणि त्याच्या पोटात प्रकाश घाण्याच्या बैलाप्रमाणे अखंड फेऱ्या मारीत होता. मण्याला किंचित ऊब लागली की तो फुगे, फेरी लांबे आणि तीत बसणारा प्रकाशाचा रंग कणभर बदले. तो बदल यंत्र वाची आणि पडद्यावर आकडा उमटे. अंशाचा हजारावा भागदेखील त्याच्या नजरेतून सुटत नसे.

याच मण्याच्या जोरावर दूरच्या शहरातील एका मोठ्या प्रयोगशाळेने तिला विभागप्रमुखाचे पद देऊ केले होते. उत्तर आज सायंकाळपर्यंत कळवायचे होते. तिने मनोमन नकार ठरवला होता, आणि त्या नकाराचे कारण समोरच्या पलंगावर उशीला टेकून बसले होते.

नाना, म्हणजे तिचे वडील. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारे गेले. तेव्हापासून डावा पाय ओंडक्यासारखा निपचित. पलंगाखाली त्यांच्या लोकरी अस्तराच्या सपाता मात्र जोडीने मांडलेल्या असत. “उद्या चालायला लागलो तर?” असे ते म्हणत, आणि थोरलीच्या डोळ्यांत पाणी उभे राही.

“तू खुशाल जा गं,” नाना आताही म्हणाले. “मला टाका कुठल्या तरी आश्रमात. पिकलं पान, पडेल कोपऱ्यात.”

“नाना, तो विषय नको.”

“आम्ही नेलं असतं हो,” धाकट्याची बायको म्हणाली, “पण तिसरा मजला, त्यात आमचा जिना हा असा. आणि वन्सं, त्यांना सवय तुमच्याच हातची.”

थोरली यंत्राकडे वळली. यंत्र स्थिरावण्यास अवधी लागतो म्हणून तिने ते मघाशीच चालू करून ठेवले होते आणि ती चहा टाकण्यास स्वयंपाकघरात गेली होती. तेवढ्यात ही दोघे आली, आणि गप्पा तिथेच रंगल्या. आता सगळी नानांच्या खोलीत जमली होती. मघाशी उघडी ठेवलेली खिडकी तिला लागलेली दिसली. वाऱ्याने लागली असावी. तिला बरेच वाटले. या कामात झुळूक म्हणजे वैरीण.

“आता गंमत बघा,” ती म्हणाली. “या चार खुर्च्या. मी बाहेर जाते. तुमच्यापैकी एकाने कुठल्याही एकीवर बसून उठायचं. कुठली ते मणी सांगेल.”

“मग हे दोन मणी कशाला?” धाकट्याने विचारले.

“एक खुर्चीवर टेकवायचा, दुसरा साक्षीला. साक्षीचा मणी कुणी न शिवलेल्या जागी ठेवतात. तो खोलीची खरी ऊब सांगतो. पडद्यावर येतो तो दोघांमधला फरक.”

तिने सभोवार पाहिले. या घरात कुणाचा हात लागला नाही अशी जागा कोणती? मग तिची नजर पलंगाखाली गेली.

“नानांच्या सपाता! यांच्याइतका निर्मळ साक्षीदार शोधून सापडायचा नाही.”

“अगं, धूळ असेल त्यात,” नाना म्हणाले. “तिकडे कपाटात ठेव ना.”

“धुळीने काही होत नाही.” बोटांची ऊब लागू नये म्हणून तिने चिमट्याने मणी डाव्या सपातेत अलगद सोडला, आणि ती बाहेर गेली.

परत आल्यावर तिने दुसरा मणी एकेका खुर्चीला टेकवला. पहिली गार. दुसरी गार. तिसरी, चौथी, त्याही गारच. पडद्याच्या मते चारही खुर्च्या खोलीपेक्षा थंड होत्या.

“मी या वेताच्या खुर्चीवर चांगला ऐसपैस बसलो होतो!” धाकटा ओरडला. “मी काय बर्फाचा आहे?”

“छे! बर्फ निदान वितळतो तरी,” त्याची बायको म्हणाली.

“यंत्र बिघडलं असेल,” नाना म्हणाले. “राहू दे पोरी. चहा निवतोय.”

“माझं यंत्र बिघडत नाही, नाना.”

हे ती गर्वाने बोलली नाही. सुगरण मिठाबद्दल जितक्या सहजपणे बोलते तितक्याच सहजपणे बोलली. अशा प्रसंगी काय करायचे ते तिला पाठ होते. दोन्ही मण्यांची अदलाबदल करायची. दोष मण्यात असेल तर तो मण्याबरोबर हलतो. दोष जागेत असेल तर जागा सोडत नाही.

तिने सपातेतला मणी खुर्चीवर आणला आणि खुर्चीवरचा सपातेत सोडला. एक एक करून चारही खुर्च्या पुन्हा तपासल्या.

आकडे जागचे हलले नाहीत. चारही खुर्च्या गारच.

थोरली पडद्याकडे पाहत राहिली. मग तिने लावलेल्या खिडकीकडे पाहिले. तिची कडी आतून घातलेली होती.

“सापडला का दोष?” धाकट्याने विचारले.

“सापडला.”

“बघ, मी म्हटलं नव्हतं?” नाना म्हणाले. “बरं, त्या लोकांना नकार कळवलास का?”

“अजून नाही, नाना.”

ती पलंगापाशी गुडघे टेकून बसली आणि तिने डाव्या सपातेत हात घातला. आतले अस्तर नुकत्याच सोडलेल्या अंथरुणासारखे ऊबदार होते.