काट्यावरची चांदणी

"मोठं हूक. मग काटा. मग एक्स. मग दुसरा काटा," बाबांनी वाचलं.

"काटा नाही बाबा, साय म्हणा. ग्रीक अक्षर आहे ते," उशीतून लेकीचा आवाज आला.

"तीन दात आहेत त्याला. माझ्या लेखी काटाच."

लेक पलंगावर पालथी पडली होती. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, आत वायूचा बुडबुडा सोडला होता, आणि तो आतल्या पडद्याला टेकून राहायचा तर झोपतानासुद्धा तोंड खालीच ठेवायचं, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. दुसरा डोळा लहानपणापासून नावालाच. बाबा शिंपी. मधे भोक ठेवून त्यांनी तिला एक जाड उशी शिवून दिली होती. त्या भोकात तोंड घालून ती दिवसभर फरशीशीच बोलत असल्यासारखी बोलायची.

बाबा पलंगाला टेकून खाली बसले होते, मांडीवर वही आणि पुढ्यात पुस्तक. मशीन सकाळपासून झाकलेलं होतं आणि त्याच्यावर कुणाचा तरी बिनबाह्यांचा कोट वाट बघत पडला होता. कॉलेजचा गृहपाठ चालला होता, अणूची गणितं. बाबा वाचायचे, ती मनात सोडवायची आणि सांगायची, बाबा उतरवून घ्यायचे. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण खडूने बाहीचे मुंढे आखून हात बसलेला, त्यामुळे त्यांचं हूक, म्हणजे इंटिग्रलची खूण, असं झोकात वळायचं की पुस्तकातल्या छापील हुकाने लाजावं. गोलातून उभी रेघ गेलेलं एक अक्षर होतं, त्याला ते 'सुई अडकलेलं बटण' म्हणायचे, आणि वर्तुळाच्या गणितातल्या पायला 'दोन पायांचं स्टूल'. ती सुरुवातीला प्रत्येक वेळी दुरुस्त करायची. आता फक्त काट्यावरच अडून बसली होती.

"शून्य," ती म्हणाली. "परत शून्यच आलं."

"शून्य आलं तर वाईट?"

"इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर उतरतो, तेव्हा प्रकाश बाहेर पडतो, हे दाखवायचंय. शून्य आलं म्हणजे प्रकाश पडतच नाही."

"छापणाऱ्याने घोळ घातला असेल."

"घोळ माझाच आहे बाबा. मला कागद बघितल्याशिवाय नाही जमत." तिने कपाळ उशीत आणखी दाबलं. "आणि डोळा नाही सुधारला तर? पुढे काय करणार आहे मी?"

पोर दुखण्याला घाबरली नव्हती, सुईला घाबरली नव्हती. ती याला घाबरली होती, आणि याच्यावर त्यांच्याकडे काही तोडगा नव्हता.

"कॉलेजच्या सरांना फोन लावा," ती म्हणाली. "सांगा, यंदाचं वर्ष सोडतेय ती."

"लावतो," बाबा म्हणाले. "पण आधी एकदा, शेवटचं वाचून दाखवतो. त्यानंतरही शून्यच आलं तर लगेच लावतो."

या वेळी त्यांनी बोट ठेवून वाचायला घेतलं. कापडाला कात्री लावण्याआधी ते असंच पुन्हा माप घ्यायचे. "मोठं हूक. काटा." आणि बोट तिथेच थांबलं.

"पुढे?"

"पुढे तेच. पण या पहिल्या काट्याच्या डोक्यावर एक बारीक चांदणी आहे."

पलंगावरचे तिचे पाय एकदम ताठ झाले.

"जाहिरातीत असते ना, 'अटी लागू'वाली, तशी," बाबा घाईने म्हणाले. "मी पानाच्या तळाशी शोधलं. अटी कुठेच नव्हत्या. मग म्हटलं, नसेल कामाची. सोडून दिली."

तिची पाठ हलायला लागली. रडतेय की काय, म्हणून बाबा धडपडून उठले. ती हसत होती. उशीत तोंड खुपसून, श्वास पुरत नाही इतकी हसत होती. ऑपरेशन झाल्यापासून हा आवाज घरात ऐकू आला नव्हता. बाबांना आपण मोठी चूक केलीय की मोठं काम, हेच समजेना.

"माझी चूक झाली," ते म्हणाले.

"माझीपण. पानावर बघताना ती चांदणी मी गृहीतच धरते. कानाने ऐकताना निसटली. थांबा, बोलू नका."

बाबा पेन सरसावून बसले. ती पुटपुटत होती. पलंगाच्या कडेवरून लोंबणाऱ्या हाताचं बोट हवेत गोल फिरत होतं.

"चांदणी असली की अधिकाचं उणे होतं," ती म्हणाली. "मघाशी पूर्ण गोल फिरून आल्यावर हाती काहीच उरत नव्हतं. आता उरतंय."

"काय उरतंय?"

"तुमचं ते दोन पायांचं स्टूल."

बाबांनी स्टूल काढलं, पाय जरा जास्तच ठसठशीत. "म्हणजे प्रकाश?"

"पडतो."

त्यांनी ते वहीत लिहिलं. विचारून नाही, आपल्याच मनाने, मराठीत: प्रकाश पडतो. मग उगाच चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला.

"सरांना फोन लावायचा का मग?" त्यांनी हळूच विचारलं. तिच्या उत्तराची वाट बघता बघता त्यांनी पुस्तकाचं मागचं पान उलटलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "अगं, इथे पण एक आहे."

"काय?"

"चांदणी. कालच्या गणितात. तीही सोडलीय मी."

"आणखी असतील?"

"असतील. मी सगळ्यांनाच सोडलंय."

उशीतून एक लांब सुस्कारा आला. मागोमाग तिचा हात खाली आला, चाचपडत बाबांच्या खांद्यापाशी पोचला आणि तिथेच राहिला.

"फोन राहू दे," ती म्हणाली. "आधी त्या शोधा."

बाबांनी पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं, तिचा हात खांद्यावरून पडू नये म्हणून जरा जपून वाकले, आणि भर दुपारी चांदण्या शोधायला बसले.